येशूचा बेंजो

आमच्या घरात चामडं वाजवायला बंदी होती. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आम्ही मूळचे मांग. माझ्या आजोबांच्या गळ्यात हलगी असायची. गावात लग्न असो, मयत असो, पोळा असो, पाटलाकडून सांगावा आला की हातातली भाकरी खाली ठेवून उठायचं आणि दारात उन्हात उभं राहून वाजवायचं. कुणी बस म्हणायचं नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या काळात आजोबांनी येशूला जवळ केलं, गाव सोडलं आणि शहरातल्या छावणीच्या बाजूला येऊन राहिले. निघायच्या दिवशी त्यांनी हलगी चुलीत घातली. जळक्या चामड्याचा तो वास माझ्या वडिलांच्या नाकातून कधी गेला नाही.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा शिकले, मिशनच्या शाळेत मास्तर झाले आणि पुढं आमच्या चर्चच्या पंच कमिटीवर आले. घरात पेटी होती. रोज सकाळी अप्पा पेटीवर एक गीत म्हणायचे, मग चहा. पण मी लहानपणी पिठाच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला की त्यांचा आवाज बदलायचा.

"हात आवर. ते आपण टाकून आलोय."

मी हात आवरायची. अप्पा शाळेला निघाले की डबा पुन्हा मांडीत.

मोठेपणी मी नर्स झाले. दवाखान्यात माझ्या हाताचं कौतुक व्हायचं, पोरीला शीर लगेच सापडते म्हणायचे. हाताला चैन मात्र नव्हती. औषधाच्या ट्रेवर, पलंगाच्या दांडीवर, कुठंही बोटं चालायची. आई म्हणायची, लग्न झालं की थांबतील.

माझा एक आतेभाऊ होता, माझ्याहून थोडा मोठा. शेंद्र्याला तेव्हा नवी एमआयडीसी उभी राहत होती, तिथं तो लेथवर कामाला लागला होता आणि राहायला पडेगावला होता. त्याचं शिक्षण मिशनच्या वसतिगृहात झालेलं. तिथले परदेशी वॉर्डन मायदेशी परतताना कॅसेटींचं एक खोकं मागं ठेवून गेले, ते यानं उचललं. कंट्री म्युझिक म्हणतात, त्यातली गाणी. याला इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण त्यानं ती गाणी इतकी ऐकली की कॅसेटी घासून खरखरायला लागल्या. शेत, लांबलचक रस्ता, म्हातारी आई, घर सोडून गेलेलं पोरगं, आणि शेवटी देव.

एका रविवारी त्यानं मला त्यातलं एक गाणं ऐकवलं आणि म्हणाला, "बघ, ही माणसंबी कोरडवाहूच हायेत. त्यांच्याकडं घोडा, आपल्याकडं बैल. बाकी धूळ तीच."

"मग?"

"मग आपण आपली करायची. मराठीत, येशूची. पण अशी गुमान नाय वाजवायची. आपल्या लोकांना धडधड लागती. मी इलेक्ट्रिक गिटार घेतलीय."

"आणि धडधड कोण करणार?"

"तू," तो म्हणाला. "डबे फोडलेस तेवढे बास झाले."

मी हसले नाही. इतकी वर्षं कुणीतरी हे म्हणावं म्हणून मी थांबले होते, ते मला त्या क्षणी कळलं.

ड्रम शहागंजात मिळाला. तिथं एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं लहानसं दुकान होतं. काका आमच्याच चर्चचे. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस गिटार वाजवायचे. पार्टी मोडली, तेव्हा ड्रमचा सेट कुणी नेला नाही, तो त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर घड्याळांच्या खोक्यांमागं पडून होता. आम्ही मागायला गेलो, तर काका डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाले, "ड्रम ले जाओ. लेकिन बेस के बिना ड्रम म्हंजी मिठाबिगर वरण. मला घेणार असाल तरच देतो."

तेव्हा ते पन्नाशीच्या पुढं होते. आम्ही घेतलं. त्यांनीच मला शिकवलं. दुकान बंद करून पडेगावला यायचे आणि माझ्यामागं उभे राहून सांगायचे, "बेटा, हाताला राग नको येऊ देऊ. राग पायात ठेव." पाय म्हणजे मोठ्या ड्रमचा पेडल. त्या पायात मी पुष्कळ ठेवलं.

पडेगावला आतेभावाच्या घरामागं पत्र्याची शेड होती, दौलताबाद रोडला लागून. बाहेरून ट्रक जायचे, वेरूळच्या सहलीच्या बस जायच्या, आणि आत आम्ही. शेजारणीची म्हैस आमच्या आवाजानं पान्हा चोरते अशी तक्रार आली. मग आम्ही धारेची वेळ टाळून वाजवायला लागलो. दोन महिन्यांत म्हैस इतकी सरावली की आम्ही नसलो तर रेकते, अशी दुसरी तक्रार आली. तिच्याकडं आम्ही लक्ष दिलं नाही.

चौथा आला तो आतेभावाचा कारखान्यातला दोस्त. धनगराचा मुलगा, गाव शेंद्र्याच्या पुढं. बाप अजून मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. हा डब्याच्या सुट्टीत पावा वाजवायचा. पाव्याचा सूर गिटारीशी जमेना, म्हणून आतेभावानं त्याला माउथ ऑर्गन आणून दिला. महिनाभरात त्यानं तो असा वाजवला की काकांनी बेस खाली ठेवून ऐकत बसावं. तो ख्रिस्ती नव्हता, होणारही नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "मला तुमच्या पाण्यात बुडवू नका. मला निस्तं वाजवायचंय."

"बुड म्हणून कुणी सांगितलं तुला?" मी म्हणाले.

"नाय, आपलं आधी बोललेलं बरं."

आमचं पहिलं गाणं चुकलेल्या मेंढराचं. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मालक बाकीची सोडून त्याला हुडकायला जातो, ही गोष्ट आमच्यात लहान लेकरालाही ठाऊक. आतेभावानं लिहिलं:

काट्यातनं गेला गं, धोंड्यातनं गेला,
एकासाठी धनी माझा रान तुडवीत गेला.

धनगर दोस्तानं ते ऐकलं आणि म्हणाला, "गेला ते ठीकाय. पण तोंड मिटून गेला व्हय? हाळी दिल्याबिगर मेंढरू येत नसतंय." आणि त्यानं हाळी दिली. घशातून निघून टाळूवर थरथरणारी, लांबच लांब. पत्र्याला तिचा घुमारा बसला. आतेभावानं तीच हाळी दोन कडव्यांच्या मध्ये घातली आणि तिच्याखाली गिटार सोडली, खरखरीत, पूर्ण आवाजात. मी सगळा जीव पायात आणला. गाणं संपलं तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ये चीज है," ते म्हणाले, एवढंच.

अप्पांना मी सांगितलं नव्हतं, पण छावणीत गोष्ट लपत नाही. एका सकाळी पेटी मिटून ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऐकतोय ते खरं का?"

"व्हय."

"तुझ्या आजोबांनी काय जाळलं ते तुला सांगितलंय मी."

"त्यांना बोलावणं यायचं, अप्पा. मला कुणी बोलावत नाय. मी माझ्या मनानं वाजवते."

"वाजवणारी म्हणूनच ओळखतील. लोकांना फरक कळत नसतो."

"मला कळतो ना."

ते उठून गेले. त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं झालं. भाजी आण, बिल भर, पाव्हणे येणारेत. अप्पा चुकीचे होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. ते त्यांच्या जागी बरोबर होते. पण त्यांची जागा माझी नव्हती.

आमच्याकडं हंगामाचा सण असतो. शेतातलं पहिलं पीक देवाला आणायचं. ज्यांची शेती उरली नाही ते बाजारातून घेऊन येतात. कणसं, भोपळे, उसाची मोळी, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीपुढं मांडतात आणि भक्ती झाल्यावर त्याचा लिलाव होतो. चर्चचे पाळकसाहेब तरुण होते, मनानं मोकळे. आतेभावानं त्यांना गाठून सांगितलं की आमचं गाणं शेताचं, मेंढराचं आहे, हंगामाला शोभेल. ते म्हणाले, एक गाणं वाजवा.

पंच कमिटीचे सेक्रेटरी हे ऐकून तापले. करारी, उंच, कडक इस्त्रीचे गृहस्थ. शनिवारी आम्ही सामान लावत असताना ते आले आणि ड्रमकडं बोट करून म्हणाले, "हे देवाच्या घरात चालायचं नाही."

"तबला चालतो की," मी म्हणाले. "ढोलकी चालते."

"तबला भजनाचा. हे म्हणजे बार, नाच, दारू."

"साहेब, ढोलकीवर काय काय नाचलंय ते तुम्हाला म्हायती नाय का?"

काकांनी मला कोपरानं ढोसलं. सेक्रेटरींनी धनगर दोस्ताकडं पाहिलं. "आणि हा कोण? हा तर मंडळीतला नाही."

दोस्त म्हणाला, "मी मेंढराकडून आलोय."

ते तडक निघून गेले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

सकाळी भक्तीला चर्च भरलं होतं. बायका पांढऱ्या लुगड्यांत एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. अप्पा पुढच्या बाकावर पंचांत. पाळकसाहेबांनी आमचं नाव घेतलं आणि आम्ही सुरू केलं. पहिल्या कडव्याला लोक गप्प होते. दुसऱ्याला मागच्या बाकांवर पाय हलायला लागले, मला इकडून दिसत होते, चपला काढलेले पाय. मग दोस्तानं हाळी दिली, आणि कोंबड्यांनी एकदम फडफडून ओरडा केला. लोक हसले. पण ते हसू चांगलं होतं, आतलं होतं. एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली.

तेवढ्यात गिटार मेली. मग बेस मेला. माईक मेला, पंखे थांबले. मी मान वळवून पाहिलं तर बाजूच्या खोलीच्या दारात सेक्रेटरी उभे होते. मेन स्विचची खोली तीच. त्यांनी हातानं मला खूण केली, थांब.

मी थांबले नाही.

ठरवून केलं असं म्हणणार नाही. पायानं केलं. ड्रमला वीज लागत नाही, आणि माझ्या हातापायांना कुणाची परवानगी लागत नव्हती. एवढ्या मोठ्या घरात एकटा ड्रम फार मोठा वाजतो. आतेभाऊ क्षणभर गिटारीकडं बघत राहिला. मग त्यानं ती पाठीवर सारली आणि उघड्या गळ्यानं गायला लागला. माउथ ऑर्गनलाही वीज लागत नाही. काकांनी बेस भिंतीला टेकवला आणि हातानं टाळी धरली. सेक्रेटरी पुढं आले आणि म्हणाले, "बंद कर." मी त्यांच्या डोळ्यांत बघून वाजवत राहिले. ते पुन्हा म्हणाले. काही माणसं उठून बाहेर गेली. त्या म्हातारीची टाळी चालूच होती, आणि तिच्याजवळच्या बाया आता शब्द पकडून गात होत्या, एकासाठी धनी माझा. आम्ही शेवटच्या कडव्यापर्यंत गेलो. एक ओळ गाळली नाही. मग मी काठ्या मांडीवर ठेवल्या.

अप्पांनी या सगळ्यात एकदाही मान वर केली नव्हती.

त्याच आठवड्यात पंच कमिटी बसली. आम्हाला चौघांना बोलावलं होतं. धनगर दोस्ताला आत घेतलं नाही, तो बाहेर कडुनिंबाखाली बसला. सेक्रेटरींनी ठराव सांगितला. एक, हा बँड या चर्चमध्ये वाजणार नाही. दोन, परका माणूस आणणार नाही. तीन, मुलीनं येत्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून माफी मागायची.

आतेभाऊ म्हणाला, "तिनंच का? गाणं माझं हाय."

"तुम्ही वीज गेल्यावर वाजवायचं थांबवलंत," सेक्रेटरी म्हणाले. "ती थांबली नाही. तोंडावर सांगितलं तरी नाही. बाईमाणसाला हे शोभत नाही."

"मी गात होतो की!"

"तो वेगळा विषय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्ही वडील आहात. तुम्ही समजावून सांगा तिला. दोन मिनिटांचं काम आहे."

सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला.

"मला ते वाजवणं पसंत नाही," अप्पा म्हणाले. "कधीच पसंत पडणार नाही. घरात मी तिला सांगितलंय आणि तिनं ऐकलं नाही. पण माझा बाप पाटलाच्या दारात मान खाली घालून उभा राहायचा, ते मी लहानपणी बघितलंय. माझी मुलगी कुणापुढं तशी उभी राहणार नाही. पाटलापुढं नाही आणि तुमच्यापुढंही नाही."

"मास्तर, हे देवाचं घर आहे."

"म्हणूनच म्हणतो," अप्पा म्हणाले आणि उठले. "तिच्याऐवजी मी खुर्ची सोडतो. तेवढ्यावर भागवा."

ते बाहेर पडले. मी मागं धावले. फाटकापाशी गाठलं आणि म्हणाले, "अप्पा..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुझ्यासाठी नाही केलं. घरी जाताना दूध घेऊन ये."

आणि ते पुढं चालू लागले. माझ्याशी त्यांचं बोलणं त्यानंतरही तसंच, कामापुरतं राहिलं. मी माफी मागितली नाही. रविवारी मात्र जात राहिले, मुद्दाम पुढच्या बाकावर बसायची. मला काढायचं तर हाताला धरून काढा, असं मनात म्हणायची. कुणी काढलं नाही.

आता वाजवायचं कुठं? आम्ही कुठंही वाजवलं. ख्रिस्ती वस्त्यांत, बारशाला, नाताळात, मयतीच्या घरी चाळिसाव्या दिवशी. एका मैदानावर तर दोन बैलगाड्या जोडून त्यांचा स्टेज केला होता. शहरात मिरवणुकीपुढं वाजणाऱ्या बेंजो पार्ट्या लोकांना माहीत होत्या. आमचा प्रकार काय ते कळेना, म्हणून कुणीतरी नाव पाडलं, येशूचा बेंजो. बँडला आम्ही दिलेलं नाव वेगळं होतं, पण हेच चिकटलं. आतेभावाला राग यायचा. मला आवडायचं.

मला स्थळं येत होती. एक बरा मुलगा होता, सरकारी नोकरी, बोलायला गोड. म्हणाला, "माझी काही हरकत नाही, पण लग्नानंतर हे बंद करावं लागेल."

मी विचारलं, "मग हरकत असती तर आणखी काय केलं असतं?"

तो चहा पिऊन गेला. आईनं कपाळाला हात लावला. पुढं माझं लग्न झालंच नाही. ड्रमपायी झालं नाही, असं नातेवाईक म्हणतात. म्हणू देत.

मग धनगर दोस्ताचं लग्न ठरलं. त्यानं बापाला सांगितलं की वाजवायला माझाच बँड पाहिजे. गावात कुजबुज सुरू झाली. खिरिस्ती लोक येणार, त्यांची गाणी म्हणणार, आज गाणी, उद्या आणखी काही. पोरगा बाटणार. दोस्त आमच्याकडं येऊन म्हणाला, "तुम्ही येणार ना?"

काका म्हणाले, "बेटा, तेरी शादी है. आमच्यापायी खराबी नको."

"तुमच्यापायी मला देवळातनं बाहेर काढलं. तुम्ही माझ्या मांडवाला भेताय व्हय?"

आम्ही गेलो.

मांडव रानात होता, नांगरटीच्या कडेला. ड्रम बसेना, म्हणून त्याच्या पायांखाली फरशीचे तुकडे घातले. आधी आम्ही नाचायची गाणी वाजवली, माणसं खूश. मग नवरदेव स्वतःच मुंडावळ्या मागं सारून माउथ ऑर्गन घेऊन आला आणि मेंढराचं गाणं सुरू केलं. पहिलं कडवं होईपर्यंत गावातली चार-पाच तरणी पोरं पुढं आली. एकानं हात वर करून गाणं थांबवलं.

"हा धनी कोण?" त्यानं विचारलं. "गाण्यातला."

नवरदेव हसत म्हणाला, "ज्याला जो वाटंल तो. मला तर माझा बाप वाटतोय."

लोक हसले. प्रकरण तिथंच मिटलं असतं. आतेभाऊ माझ्याकडं बघून डोळ्यांनी सांगत होता, गप बस. पण मला ते बरं वाटलं नाही. एवढं सगळं केल्यावर आता नाव लपवायचं? मी पुढं झाले आणि माईक धरला.

"आमचा धनी येशू हाय," मी म्हणाले. "आम्ही कुणाला बोलवायला आलो नाय. दोस्ताच्या लग्नात वाजवायला आलोय. ज्यांना ऐकायचं नाय त्यांनी जेवायला बसावं. बुंदी गरम हाय."

बायकांच्या घोळक्यातून हसू फुटलं. मी परत येऊन बसले आणि वाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून एक ढेकूळ आलं आणि माझ्या डाव्या हाताच्या झांजेवर आदळून फुटलं. मोठा आवाज झाला. माती डोळ्यांत गेली. मी डोळा पुसला नाही, कारण हात मोकळा नव्हता. मी ओरडून म्हणाले, "ठेक्यावर पडलं बरं का! आता असंच टाक!"

दुसरं ढेकूळ आलं नाही. नवरदेवाचा म्हातारा बाप मांडवातून उठला होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो सावकाश चालत आला आणि माझ्या ड्रमशेजारी उभा राहिला. त्या पोरांकडं बघून म्हणाला, "मेंढराचं गाणं हाय. माझ्या मांडवात मेंढराच्या गाण्याला कोण आडवा येतो ते बघू दे मला."

कुणी आलं नाही. गाणं संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. हाळीची जागा आली, तेव्हा मुलाच्या आधी त्यानंच दिली. ती ऐकून मला कळलं की मुलाची हाळी इतके दिवस कच्ची होती.

जाताना त्यानं मला विचारलं, "पोरी, तुला भ्या नाय वाटलं?"

"वाटलं."

"मग?"

"मग काय, हात चालूच होते."

बँड पुढं बरीच वर्षं चालला. काका गेले. त्यांच्यानंतर आतेभावाच्या मुलीनं बेस धरला. अप्पा आजारी पडले तेव्हा त्यांचं सगळं मीच करायची. अंग पुसायची, गोळ्या द्यायची. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते, तर त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. तळव्याला घट्टे होते.

"अजून वाजवतेस?"

"व्हय."

"दुखत नाही?"

"दुखतंय कधी कधी."

"हं," ते म्हणाले आणि कूस बदलली. त्यांनी आमचं एकही गाणं कधी नीट ऐकलं नाही. ऐका असं मी म्हटलं नाही. आम्ही दोघंही आपापल्या शब्दाला धरून राहिलो, आणि मला त्याचं दुःख आहे तसाच थोडा अभिमानही आहे.

आता आमच्या चर्चमध्ये ड्रम आला आहे. नवाकोरा, काचेच्या आडोशात ठेवलेला. तरुण मुलं वाजवतात, चांगलं वाजवतात. जुने सेक्रेटरी कधीच वारले. मागच्या वर्षी नवीन कमिटीतली दोन मुलं घरी आली. अदबीनं सलाम करून बसली. म्हणाली, "काकू, हंगामाच्या सणाला तुमचा सत्कार करायचाय. तुम्ही सुरुवात केली. शाल, नारळ, आणि तुम्ही एक गाणं वाजवायचं."

मी म्हणाले, "येते. पण आधी एक करा. माझ्यावर, माझ्या भावावर, काकांवर आणि त्या धनगर दोस्तावर घातलेला ठराव मंडळीसमोर मागं घ्या. तेव्हा जे झालं ते चूक होतं, असं उभं राहून म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. "काकू, जुनं कशाला उकरायचं? आता तर सगळे तुमचं कौतुकच करतात."

"कौतुक नको. चूक म्हणा."

"कमिटीला विचारून सांगतो."

विचारलं असेल. कुणी सांगायला आलं नाही. कुणीतरी निरोप पाठवला की काकूंच्या मनात अजून कडवटपणा आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. करा. प्रार्थनेला माझी ना नाही. पण शाल घ्यायला मी गेले नाही, आणि पुढच्या बाकावरची माझी जागाही सोडलेली नाही. दर रविवारी तिथंच बसते. सणाचा तो एक रविवार फक्त चुकवला.

त्या दिवशी आम्ही शेंद्र्याजवळ कामगारांच्या एका वस्तीत वाजवत होतो. पत्र्याच्या खोल्या, मध्ये मोकळी जागा, कुठून कुठून आलेली माणसं. निम्म्यांना मराठीही येत नव्हतं. धनगर दोस्ताचे केस पिकले आहेत, दम पहिल्यासारखा राहत नाही, आतेभावाला गिटार घेऊन फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून तो स्टुलावर बसतो. माझा उजवा गुडघा पेडलवर कुरकुरतो. आम्ही सहा गाणी वाजवली. एक बाई तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन अगदी स्पीकरसमोर उभी होती. मी तिला खुणेनं सांगितलं, लेकराचे कान झाक. तिनं झाकले, आणि स्वतः मात्र जागची हलली नाही.

मला विचाराल, तर आम्ही चांगलं वाजवलं.